पट्टी उतरवा, गाणं सोडू नका

आमच्या भजनी मंडळातल्या आबांचा जन्म १९४८ चा. गेली तीस वर्षं मी त्यांना पेटीची साथ करतो आणि या तीस वर्षांत त्यांची पट्टी हललेली नाही. काळी तीन म्हणजे काळी तीन. मागच्या कार्तिकी एकादशीला वरचा षड्ज घेताना त्यांचा आवाज फाटला. टाळकऱ्यांनी सावरून घेतलं, अभंग पुढे गेला, पण त्यानंतरच्या दोन एकादश्यांना आबा आलेच नाहीत. मी घरी गेलो. म्हटलं, "आबा, पांढरी तीनवर घेऊ. दोनच पट्ट्या खाली. कुणाला कळणारही नाही."

आबा म्हणाले, "तुला कळेल ना? अरे, पट्टी उतरली की माणूस उतरला."

हा लेख आबांच्या त्या एका वाक्याशी भांडण आहे. कारण ते वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. कीर्तनकारांकडून, गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा गाजवलेल्या गायकांकडून, शाळेत तीस वर्षं प्रार्थना सांगितलेल्या बाईंकडून. शब्द वेगळे असतील, पण भीती तीच. ही भीती दोनपैकी एक गोष्ट घडवते. माणूस जुन्या पट्टीला चिकटून घसा फोडून घेतो, नाहीतर गाणंच बंद करतो. दोन्ही करू नका, एवढंच मला सांगायचंय.

आबांना पटवायला मी त्यांच्याच वयाच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. अभंगाशी त्याचा काही संबंध नाही. तो इंग्लंडचा रॉक गायक आहे, रॉबर्ट प्लांट. जन्म ऑगस्ट १९४८.

प्लांट वयाच्या विशीत लेड झेपलिन या बँडचा गायक झाला. १९६९ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि त्या आवाजानं लोक हादरले. तार सप्तकात शिरून तिथंच मुक्काम ठोकणारा, गिटारच्या किंकाळीला किंकाळीनं उत्तर देणारा आवाज. १९७० चं 'इमिग्रंट साँग' सुरुवातीपासूनच अशा जागी उभं आहे, जिथं बहुतेक पुरुषांचा आवाज पोचतसुद्धा नाही. १९७२ च्या ऑक्टोबरात प्लांट आणि गिटारवादक जिमी पेज मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रणही केलं होतं. ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. मुंबईत आला तेव्हा प्लांट चोवीस वर्षांचा होता आणि आवाज ऐन बहरात होता.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी, जुलै १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या त्यांच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण झालं. त्यात 'रॉक अँड रोल' हे गाणं आहे. १९७१ च्या रेकॉर्डवर जी ओळ वर चढते, ती इथे प्लांट खाली वळवून घेतो. वय अजून चोवीसच! म्हणजे आपण ज्याला म्हातारपणाचं लक्षण समजतो, ते या गड्यानं पंचविशीच्या आतच सुरू केलं होतं. रोज रात्री तीन-तीन तासांचे कार्यक्रम, गावोगावचा प्रवास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. घशानं हिशोब मागितला आणि त्यानं चाल वळवून तो चुकता केला.

हिशोब चुकवता न आलेला दिवसही त्याच्या वाट्याला आला. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' या मदत कार्यक्रमाच्या मंचावर, मधल्या काळात फुटलेल्या झेपलिनचे उरलेले गडी पुन्हा एकत्र आले. जगभर टीव्हीवर प्रक्षेपण चालू, आणि प्लांटचा घसा बसलेला. सादरीकरण इतकं फसलं, की पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा बँडनं आपला भाग त्यात घेऊ दिला नाही.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनच्या ओटू अरीनात ते पुन्हा गायले. प्लांट एकोणसाठ वर्षांचा. या वेळी बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली गेली. 'स्टेअरवे टू हेवन' एक पूर्ण सूर खाली. पेटीच्या भाषेत पांढरी सहाची पांढरी पाच. आबांना मी जेवढं उतरायला सांगत होतो, तेवढंच. सभागृहातल्या कुणीही 'प्लांट संपला' म्हटलं नाही. उलट, आता जगाचा दौरा करा म्हणून सगळीकडून आग्रह झाला.

आणि तिथेच त्यानं शहाणपणा केला. दौरा नाकारला. त्याच वर्षी त्यानं अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन ब्लूग्रास गायिकेबरोबर 'रेझिंग सँड' नावाचा अल्बम केला होता. तिथे किंकाळी नाही. माइकजवळ तोंड नेऊन, जवळच्या माणसाशी बोलावं तसं गाणं. जन्मभर एकट्यानं आभाळ गाठणाऱ्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या सुराला सूर लावून गायला शिकावं लागलं. २००९ च्या ग्रॅमी समारंभात या कामाला पाच पुरस्कार मिळाले, त्यात वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बमही होता. पंचविशीतल्या आवाजाला जे मिळालं नव्हतं, ते साठीतल्या आवाजानं मिळवलं.

आबांनी एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मुळात आवाज बदलतो कशानं? मी तर कधी दारू-सिगारेट शिवलो नाही."

प्रश्न रास्त आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. तंतू म्हणतात, पण तारेसारखे नसतात. ओठांसारख्या दोन मऊ घड्या असतात. फुप्फुसातली हवा वर येताना त्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज निर्माण होतो. पुरुष साधं बोलतो तेव्हा सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्री बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. प्लांटसारखा गायक वर चढतो तेव्हा पाचशेच्याही पुढे. तीन तासांच्या कार्यक्रमात एक तास जरी प्रत्यक्ष गळा चालला आणि सरासरी सेकंदाला तीनशे धरली, तरी एका रात्रीत त्या दहा लाखांहून जास्त वेळा आपटतात. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, तसे जोर लावून गाणाऱ्याच्या किंवा ओरडून बोलणाऱ्याच्या स्वरतंतूंवर घट्टे पडतात. डॉक्टर त्यांना गाठी म्हणतात. घट्टे पडले की दोन घड्या नीट मिटत नाहीत, मधून हवा सुटते, आवाज खरखरीत होतो आणि वरचे हलके सूर आधी जातात.

हे झालं वापराचं. वयाचं गणित वेगळं आहे. वयानुसार या घड्यांमधला स्नायू बारीक होतो, लवचीकपणा कमी होतो, स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात आणि छातीचा भाता पूर्वीसारखा दम देत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज थोडा जाड होतो, खाली येतो. पुरुषांचा उतारवयात बहुधा पातळ होतो आणि बोलण्याची पट्टी किंचित वर सरकते. म्हणून आबांना बोलताना काही जाणवत नाही, पण अंतऱ्यावर दम तुटतो. दारू-सिगारेट न शिवल्यानं आबांना जास्तीची काही वर्षं मिळाली असतील. पण वय कुणाला सोडतं?

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. रॉक गायकाची खरी अडचण घशापेक्षा रेकॉर्डमध्ये आहे. १९७१ साली विशीतल्या पोरानं जे गायलं ते तबकडीवर कायमचं कोरलं गेलं. पन्नास वर्षांनी लोक तिकीट काढून येतात ते कानात तीच तबकडी घेऊन. गायक सत्तरीचा होतो, तबकडी तेवीसचीच राहते. आपल्याकडे बैठकीत असं नव्हतं. गवई बसला की आधी तंबोरे त्याच्या षड्जावर लागतात. आज गळा जिथे आहे तिथे सा. रागाला ठरावीक पट्टी नाही, पट्टी गाणाऱ्याची. ज्या परंपरेत वाद्य माणसाप्रमाणे लावून घेतात, त्या परंपरेतल्या आबांनी 'पट्टी उतरली की माणूस उतरला' म्हणावं, हे मला उलटं वाटतं. ही सवय आपल्याला कॅसेटनं आणि मोबाइलनं लावली. मूळ गाण्याच्याच पट्टीत गायलं तर खरं, हा हट्ट आता घराघरातल्या कराओकेपर्यंत पोचलाय.

तरुणांनाही हे लागू आहे. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच पोरांचा बँड काढून पियानो वाजवायचा. त्याच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बोलताना त्याचा आवाज सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा, म्हणजे चारचौघा पुरुषांसारखा खालचाच होता. गाताना मात्र तो पार वर जायचा. स्वरतंतूंवर गाठींचा त्रास होता. मग मंचावर तो काय करायचा? रेकॉर्डवरच्या सगळ्यात उंच जागा बऱ्याचदा खाली वळवून घ्यायचा, आणि कित्येक उंच जागा ड्रमवाला रॉजर टेलर उचलायचा. हजारो लोकांसमोर, भर तारुण्यात. कुणाला कमीपणा वाटला नाही.

ज्यांना थांबावं लागलं त्यांच्याकडेही बघा. ब्रिटिश गायक एल्टन जॉननं डिसेंबर १९८६ मध्ये सिडनीत मोठ्या वाद्यवृंदासह कार्यक्रम केला तेव्हा घसा पार खराब झालेला होता. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातच स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. आवाज वाचला, पण जाड झाला. वरचा तो पातळ, खोटा आवाज गेला. जुनी गाणी खालच्या पट्टीत घेऊन तो आणखी छत्तीस वर्षं गायला आणि जुलै २०२३ मध्ये स्टॉकहोमला त्यानं निरोपाचा दौरा संपवला. याउलट एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर. सप्टेंबर २०२३ मध्ये, पंचाहत्तरीत, गाताना स्वरतंतूंना इजा झाली, स्वरयंत्राची कूर्चाही मोडली. वर्षभर वाट बघून बँडनं दौरे कायमचे बंद केले. रॉक गायक जॉन बॉन जोव्हीचा एक स्वरतंतू रोडावला, २०२२ साली त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. डीप पर्पल बँडचा गायक इयान गिलन यानं १९७० चं 'चाइल्ड इन टाइम' गाणंच बाजूला ठेवलं. ते गाऊ शकत नाही म्हणून फुकाची झटापट न करता तो बाकीची गाणी गात राहिला. मला हा मार्ग मानाचा वाटतो.

तर, गाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी काही साध्या गोष्टी.

पट्टी कशी ठरवायची? गाण्यातली सगळ्यात उंच ओळ हळू आवाजात गाऊन बघा. हळू गाता येत नसेल, फक्त जोर लावूनच ती जागा लागत असेल, तर पट्टी उंच आहे. हनुवटी वर गेली, गळ्याच्या शिरा फुगल्या, तरी पट्टी उंच आहे. एक पट्टी खाली घ्या, पुन्हा बघा. पेटीवाल्याला सांगायला लाजू नका. स्केल चेंजर पेटी असेल तर त्याची बोटंही हलणार नाहीत, नुसती पट्ट्यांची फळी सरकवायची. गिटारवाल्याला सगळ्या तारा थोड्या उतरवायला दोन मिनिटं लागतात.

स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हे १९११ पासून शास्त्राला माहीत आहे. साठच्या दशकातल्या रॉक गायकांना मंचावर स्वतःचा आवाज धड ऐकू यायचा नाही, म्हणून ते ओरडायचे. आज तुमच्यासमोर मॉनिटर, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, ठेवता येतो. साउंडवाल्याला गाण्याआधीच सांगा, "दादा, माझाच आवाज मला द्या." मॉनिटर नसेल तर एका कानावर बोट ठेवून गा.

घसा बसला असेल तर गाऊ नका, आणि कुजबुजूही नका. जोर लावून कुजबुजल्यानं आराम मिळत नाही, ताण पडतो. सारखं खाकरू नका, घोटभर पाणी प्या. प्यालेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. त्याचा ओलावा अंगातून पोचायला वेळ लागतो. म्हणून कार्यक्रमाच्या आधी तांब्याभर पिण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं प्या. ज्येष्ठमध-खडीसाखरेनं घशाला बरं वाटतं, जरूर चघळा, पण त्यानं गाठ जात नाही. वाफ घ्या. मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी सोडा. गाण्यासाठी नाही तर जिवासाठी सोडा.

आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरयंत्र तपासून घ्या. 'हवाबदल' म्हणून सहा महिने काढू नका. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर अजिबात नाही, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण बहुतेकदा हीच असते आणि लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. दुखणं दर वेळी घशातच असतं असंही नाही. अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅट हिचा आवाज जात राहिला. २००९ मध्ये तिनं शेवटचा कार्यक्रम केला आणि कारण सापडलं ते मेंदूच्या आजाराचं.

हे फक्त गाणाऱ्यांसाठी नाही. साठ पोरांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई, मंडईत ओरडणारा भाजीवाला, एसटीचा कंडक्टर, ढोल पथकाला सूचना देणारा पोरगा, हे सगळे गळ्यावर जगतात. वर्ग गप्प करायला ओरडू नका. टाळी वाजवा, डस्टर आपटा, शेवटच्या बाकापर्यंत चालत जा. मैदानावर शिट्टी वापरा. गळा राखून ठेवा, तो नवा मिळत नाही.

आणि एक उलटी चूक टाळा. वयाबरोबर आवाज बारीक होतोय म्हणून गाणं सोडू नका. न वापरलेला स्नायू आणखी रोडावतो. रोज दहा-पंधरा मिनिटं खर्जात हलकं गुणगुणा, ओठ मिटून गुंजन करा, मग हळूहळू वर या. सत्तरीनंतरही सवयीनं दम टिकतो आणि कापरेपणा कमी होतो. गरज वाटली तर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे चार खेपा घाला.

शेवटी ऐकणाऱ्यांना हात जोडून विनंती. म्हाताऱ्या गायकाची रेकॉर्डशी तुलना करू नका. कार्यक्रमात 'ओरिजिनल पट्टीत घ्या' म्हणून ओरडू नका. एक फसलेला सूर मोबाइलवर टिपून गावभर पाठवू नका. वरची जागा निसटली, तर त्या माणसानं शब्द कसा उच्चारला, श्वास कुठे घेतला, थांबला कुठे, ते ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंचाहत्तरीच्या प्लांटनं सोळा वर्षांनी पुन्हा 'स्टेअरवे' गायलं, एका कर्करोग मदत कार्यक्रमात. ज्या गाण्यापासून तो वर्षानुवर्षं लांब पळत होता, ते त्यानं आपल्या आजच्या गळ्यानं, सावकाश म्हटलं. तेवीस वर्षांच्या पोराला ते तसं म्हणता आलं नसतं.

आबांचं काय झालं? परवाच्या एकादशीला आले. माझ्याकडे न बघता टाळ घेऊन बसले. मी काही न विचारता पांढरी तीन धरली. रूपाच्या अभंगापासून पसायदानापर्यंत आबा गायले, एकदाही आवाज चिरकला नाही. प्रसादाच्या वेळी एका जुन्या टाळकऱ्यानं कान टवकारून विचारलंच, "आबा, आज पट्टी जरा खाली वाटली?"

आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पेटीवाला म्हातारा झालाय. त्याला काळी तीन झेपत नाही."

मी मान डोलावली.